भिकोबाची खूण

दादा, काल कारखान्यात तुझ्या फोटोला त्यांनी झेंडूचा हार घातला आणि फोटोपुढे लाल मखमलीच्या तुकड्यावर तो व्हॉल्व्ह ठेवला. लिंबाएवढा. मी बायकांच्या रांगेत अगदी मागे, लेथच्या बाजूला बसले होते. केशनळी कुपीला जिथे जोडली आहे तिथली चांदीची बारीक रेघ मला तिथूनही दिसत होती. ती रेघ माझी आहे. शेठ उभे राहिले आणि म्हणाले, हे सगळं पेडणेकरांनी एकट्याने केलं. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. मी नाही लावला. मला रडू येत नव्हतं. उठून तो व्हॉल्व्ह मखमलीवरून उचलावा आणि घरी आणावा, एवढंच मनात येत होतं.

उठले नाही. चार माणसांत मला प्यायला पाणी मागता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून आज घरी लिहायला बसले आहे. चौथीपर्यंत शिकले, एवढं लिहिता येतं. आणि आता तू मधेच "इंदू, मुद्द्यावर ये" म्हणणार नाहीस. तू गेलास त्याचा हा एक फायदा. हे वाचून तुला वाईट वाटत असेल तर वाटू दे. मला वाटलं तेव्हा तू जेवत होतास.

पहिल्यापासून लिहिते, कारण कारखान्यात सगळ्यांनी मधूनच सुरुवात केली.

बाबांची सोनारकीची शेगडी तुला कधी सोसली नाही. फुंकनळी तोंडात धरून श्वास न तोडता ज्योत वाकवायची, गालात हवा साठवून नाकाने दुसरी घ्यायची, हे तुला जमेना. तुझा श्वास तुटायचा, ज्योत उडायची आणि जोडाचा डाग काळा पडायचा. बाबांनी तुला शाळेत धाडलं आणि चौथी झाल्यावर मला शेगडीपुढे बसवलं. पडद्यामागे. मरोळच्या किरिस्तांव बायका कर्णफुलं घालायला द्यायच्या, मढहून कोळणी यायच्या, त्यांना दागिना पोरीच्या हातचा आहे हे कळू नये म्हणून. पण दागिना पुरा झाला की पडद्याआड येऊन बाबा माझ्या हातात ठसा ठोकायचा पोगर द्यायचे आणि मागच्या बाजूला तीन ठिपके ठोकायला सांगायचे. वर एक, खाली दोन. आपल्या घरची खूण. बाबा म्हणायचे, खूण मिरवायला नसते, उद्या मोडलं तर कुठे परत आणायचं ते कळायला असते.

हे तूही ऐकलं होतंस. शेजारी पुस्तक घेऊन बसलेला असायचास.

पुढे मी सासरी गेले, नवरा गेला, परत आले. तू रिकाम्या हाताने घ्यायला आलास आणि माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन अंधेरी स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलास. हमाल केला नाहीस. वाटेत म्हणालास, बाबांची शेगडी अजून आहे, उंदरांनी भाता कुरतडलाय फक्त. त्या दिवसासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. त्यानंतर तू घरात मला एकदाही टोचून बोलला नाहीस. म्हणून तर पुढे जे केलंस ते मला इतकं लागलं. परक्याने केलं असतं तर विसरले असते.

तेव्हा तुझ्या कारखान्यात ते नवीन खूळ आलं होतं. सिनेमावाल्यांच्या आणि शेठ लोकांच्या लांबलचक अमेरिकन मोटारींत थंड हवेचं मशीन बसवायचं. बाकी सगळं जमलं, अडलं व्हॉल्व्हपाशी. बर्फाच्या कारखान्यातला व्हॉल्व्ह मुठीएवढा. तो मोटारीच्या पुढच्या फळीखाली बसवला की शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागायचा. शेठ म्हणाले, छोटा करा. तू ड्रॉइंग करायला बसलास आणि आठवडाभर तुझ्या ताटातली भाजी गार होत राहिली.

तू मला समजावलंस ते स्वयंपाकघरात पाटावर बसून. गॅस दाबून पातळ केलेला असतो, तो बारीक भोकातून सुटला की फुलतो आणि गार पडतो. भोकात एक सुई. सुई किती वर उचलायची ते वरचा पडदा ठरवतो, नव्या पैशाच्या नाण्याएवढा पातळ पत्रा. पडद्याला कोण सांगतो? कुपी. बोटाच्या पेराएवढी तांब्याची कुपी, तिच्यातही थोडा गॅस, आणि तिच्यापासून पडद्यापर्यंत केसासारखी नळी. मशीनच्या टोकाची नळी तापली की कुपी तापते, कुपीतला गॅस पडद्याला ढकलतो, सुई उचलली जाते. गार पडली की सुई खाली बसते. मी म्हटलं, म्हणजे हे स्वतःच स्वतःला विचारतं. तू हसलास. म्हणालास, इंदू, आमच्या कारखान्यात पंचवीस माणसं आहेत, एकाच्याही तोंडून असं निघालं नाही.

ती केशनळी कुपीला जोडायला कोणी मिळेना. तुमच्या वेल्डरच्या ज्योतीत ती वितळून जायची, नाहीतर जोडाची चांदी आत शिरून नळीच बुजायची. एका संध्याकाळी तू दोन तुकडे माझ्यापुढे ठेवलेस. मी टाकणखार लावला, चांदीचा कण ठेवला, फुंकनळी तोंडाला लावली. पाचव्या श्वासाला कण वितळून गोल फिरला आणि बसला. तू नळीच्या दुसऱ्या टोकाने फुंकून पाहिलंस. हवा आली. तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस, लहानपणी मारायचास तशी.

मीच म्हटलं होतं, माझं नाव काढू नकोस, मला लाज वाटते. हे मी मान्य करते. पुढे भांडणात तू तेच माझ्या तोंडावर मारलंस, म्हणून आधीच लिहून ठेवते.

शेठनी विचारलं, हा जोड कोणी केला? तू सांगितलंस, वडिलांच्या हाताखालचा एक म्हातारा आहे, भिकोबा नावाचा, कुणापुढे येत नाही, फार विचित्र माणूस. घरी येऊन तू ते सांगितलंस आणि आपण तिघं पोट धरून हसलो. वहिनी तेव्हापासून मला भिकोबाच म्हणायला लागली. "भिकोबा, चहा घ्या." "भिकोबा, जरा नारळ खवा." दसऱ्याला शेठनी भिकोबासाठी धोतरजोडी पाठवली. तू ती छातीशी धरून उभा राहिलास आणि म्हणालास, आता नेसून दाखव. वहिनीने त्याची गोधडी शिवली. ती मी अजून पांघरते.

भिकोबाने आणखी एक गोष्ट केली, ती मात्र हसण्यावारी गेली नाही. मोटार उन्हात उभी राहिली की कुपी तापायची, पडदा सुईला पूर्ण उचलायचा आणि मशीन सुरू केल्याबरोबर पातळ गॅस धो धो परत जाऊन आत खडखडाट करायचा. तू स्प्रिंग कडक केलीस, मग चालत्या मोटारीत हवाच गार होईना. स्प्रिंग सैल, स्प्रिंग कडक, असा महिना गेला. मी भात उकडत होते. भगुण्यावरचं झाकण नाचत होतं. दुसऱ्या चुलीवर मी घोटभर पाणी ठेवून विसरले होते, त्याचं झाकण नाचून नाचून थांबलं होतं, आच तेवढीच असताना. मी म्हटलं, दादा, कुपीत गॅस भरून घालतोस कशाला? थोडाच घाल. आटला की झाकण गप्प बसेल, मग ऊन कितीही पडू दे.

तू हसला नाहीस. जेवण अर्धं टाकून उठलास आणि ड्रॉइंग उलगडलंस.

किती थोडा, ते आपण बाबांच्या काट्यावर ठरवलं. मासळीबाजारातून बर्फ आणून त्यात मीठ घालायचं, कुपी त्यात बुडवून गॅस ओढून घ्यायचा, मग तिला खोलीइतकी उबदार होऊ द्यायची, अंगावरचं दव मलमलीने पुसायचं आणि रिकाम्या कुपीच्या वजनाचा धडा दुसऱ्या पारड्यात ठेवून तोलायचं. जास्तीचा गॅस सुईच्या टोकाएवढा सोडायचा, परत तोलायचं. गॅस घेतलेल्या नळीची शेपटी चेपायची, झाळून बंद करायची. ज्योतीत तो गॅस सापडला की घसा खवखवायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं, मी नाकावर ओलं फडकं बांधायची. अकरा कुप्या वाया गेल्या. बाराव्या वेळेला बरोबर आलं. दोन गुंजा, वर एक तांदूळ. तू वहीत तसंच लिहिलंस, "२ गुं. १ तां.", आणि खाली जोराने रेघ मारलीस. शेवटी प्रत्येक जोड रिठ्याच्या फेसात बुडवून बघायचा. बुडबुडा आला की परत.

त्या मे महिन्यात शेठ आरेच्या चढावर दोन तास त्या हवेत बसून खूश होऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी तू मला मोटारीत बसवून त्याच आरे कॉलनीच्या रस्त्याला नेलंस. ड्रायव्हरला सांगितलंस, बहीण आहे, कधी मोटारीत बसली नाही. मी मागे अंग चोरून बसले. गोठ्यांच्या वळणावर चढ लागला, इंजिन धापा टाकत होतं आणि फळीखालून गार हवा येत होती. भर दुपारी माझ्या हातावर काटा आला. मी डोळे मिटून व्हॉल्व्हचा आवाज ऐकत होते, बारीक, एकसारखा, फुंकनळीसारखा, कुठे न तुटणारा. तू पुढून मान वळवलीस आणि ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही असं विचारलंस, "काय भिकोबा, झकास ना?"

दादा, तिथेच थांबायला हवं होतंस तू.

खूण मी तेव्हा ठोकायला सुरुवात केली. कुपीच्या कडेला, क्लिपखाली झाकली जाईल अशा जागी, तीन ठिपके. कोणी विचारलं असतं तर भिकोबाची खूण म्हणून सांगता आलं असतं. मला फक्त बाबांचं ऐकायचं होतं. मोडलं तर कुठे परत आणायचं ते कळावं. तुला ती दिसली आणि मला एका शब्दाने न विचारता तू कारखान्यात बसून कानशीने प्रत्येक कुपी घासलीस. कडेला. जिथे तांबं आधीच पातळ असतं तिथे. सोनाराच्या घरात जन्मून तुला एवढं कळलं नाही, की कड घासायची नसते.

त्यातलीच एक कुपी मोटारीत बसून सिनेमाच्या स्टुडिओच्या आवारात गेली. मोटारीचा मालक, तुझे शेठ, दोन-चार बडी माणसं. मोटार दोन तास उन्हात ठेवून मशीन सुरू केलं. कुपीतला गॅस कधीच निसटून गेला होता. पडद्याला ढकलणारं कोणी नाही, सुई बसली ती बसलीच. गरम वाफ आली, मालक रुमालाने मान पुसत उतरला. आणि तू म्हणालास, म्हातारा थकला आता. हात थरथरतो त्याचा. सगळे हसले.

हे तू घरी येऊन वहिनीला सांगत होतास. मी मागच्या दारी भांडी घासते आहे असं तुला वाटलं. मी दाराआड उभी होते, हातात राख.

तू आंघोळीला गेलास तेव्हा मी तुझ्या पिशवीतून कुपी काढली. नळीतून फुंकत रिठ्याच्या फेसात धरली. माझ्या जोडापाशी काही नाही. कडेपाशी, कानशीच्या ओरखड्यातून, एक एक बुडबुडा. माझे तीन ठिपके होते बरोबर तिथून.

मी ती कुपी तुझ्या ताटाशेजारी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यापुढे आवाज चढवला. माझा हात थरथरतो का रे? तू कुपीकडे पाहिलंस, ओरखडा पाहिलास, तुला सगळं कळलं. आणि कळल्यावर तू चिडलास.

"तूच म्हणालीस ना, नाव काढू नको?"

"नाव काढू नको म्हटलं. नाव घालव म्हटलं नाही."

"भिकोबा कुठे आहे जगात? कोणाचं नाव गेलं?"

"माझं."

मग तू ते बोललास. बाईच्या हातचा व्हॉल्व्ह आहे म्हणून सांगितलं असतं तर शेठने तो हातात तरी धरला असता का? मला उत्तर सुचलं नाही. माझं नेहमीचंच. उत्तर आज आहे माझ्याकडे, खाली लिहिणारच आहे.

मी फुंकनळी पेटीत ठेवली आणि पेटी फळीवर. तुला सांगितलं, शेठपुढे जाऊन म्हण, चूक माझी, कानस मी लावली. तेवढं म्हण, उद्यापासून शंभर करून देते. दोन महिने तू ते म्हणाला नाहीस. बाजारातल्या दोन सोनारांकडे गेलास, दोघांनी नळ्या बुजवल्या. घरात आपण मीठ दे, तांब्या दे, एवढंच बोलायचो. वहिनी मधे पडायची, म्हणायची, भिकोबा, सोडा आता, मोठा भाऊ आहे. मी म्हणायची, भिकोबाचा हात थरथरतो, त्याला काही सांगू नका.

त्या सकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात आलास. तुझ्या हातात दोन कुप्या होत्या. पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवल्यास, क्षणभर थांबलास, चपला घालून गेलास. मी चपाती लाटत होते, मान वर केली नाही. दुपारी कारखान्याचा माणूस आला. ड्रॉइंगच्या टेबलावर डोकं टेकून बसला होतास म्हणे, त्यांना वाटलं विचार करतोय.

मी मान वर केली नाही, हे मला आयुष्यभर पुरेल. पण त्याचं दुःख एकटं येत नाही. त्याच्यामागून राग येतो. तू बोलायचं सोडून मला पुन्हा काम दिलंस, असं वाटत राहिलं. त्या कुप्यांना मी हात लावला नाही. सुतकभर त्या तिथेच होत्या, वहिनी बाजूला सारून पीठ काढायची.

शोकसभेनंतर, काल, करंदीकर घरी आले. तुझ्या टेबलाशेजारी बसणारे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. पिशवीत गॅसची लहान बाटली, व्हॉल्व्ह, चार कुप्या, केशनळ्या. वहिनीपुढे बसून म्हणाले, पेडणेकरांच्या वहीत दोन गुंजा आणि एक तांदूळ लिहिलंय. आम्हाला वाटलं, भिकोबांची काहीतरी सोनारी पद्धत असेल. एवढ्याशा गॅसने काय होणार म्हणून भिकोबांनी आधी जोडलेल्या दोन कुप्या आम्ही पूर्ण भरून घेतल्या. दोन मोटारींची मशीनं खडखडून बसली. शेठ म्हणतात, शनिवारपर्यंत जमलं नाही तर हा व्हॉल्व्ह बंद, परत तो मोठा बसवू. पेडणेकरांचं सगळं वाया जाईल हो. भिकोबा कुठे राहतात ते सांगा, मी पाया पडतो त्यांच्या.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. घाईने म्हणाली, ते गावी असतात, निरोप धाडते. मग आत येऊन माझ्या हातात चहाचा कप दिला आणि हळूच म्हणाली, "चार दिवसांनी करून दे गं. गावाहून आल्या म्हणून देऊ. त्यांचा फोटो लागलाय तिथे."

मी कप घेऊन बाहेर गेले. करंदीकरांच्या पुढे ठेवला. नजर त्यांच्या चपलांवर ठेवून म्हटलं, "भिकोबा वारले."

त्यांनी कप खाली ठेवला. कधी, असं विचारलं. मी म्हटलं, दादाच्या आधी दोन महिने, स्टुडिओच्या आवारात. त्यांना काही उमगलं नाही. सज्जन माणूस आहे. म्हणाले, अरेरे, आम्हाला कळवायचं तरी, त्यांचाही फोटो पेडणेकरांच्या शेजारी लावला असता. पूर्ण नाव काय होतं त्यांचं?

दादा, त्या वेळी मला आत पळून जायचं होतं. मी फळीवरची पेटी काढली. काट्याच्या एका पारड्यात दोन गुंजा टाकल्या, वर एक तांदूळ. मग दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले आणि म्हटलं, "बघा, थरथरतात का."

थरथरत होते. लाजेने, भीतीने, पानासारखे. करंदीकर गोंधळून बघत राहिले. मग मी दिवा लावला, त्यांच्या पिशवीतली एक कुपी आणि केशनळी घेतली आणि फुंकनळी तोंडाला लावली. फुंकनळी तोंडात असली की बोलावं लागत नाही. हात जागच्या जागी थांबले. सहाव्या श्वासाला चांदी फिरली. त्यांनी जोड उजेडात धरला, नखाने चाचपला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मग पेडणेकर म्हणाले होते, म्हाताऱ्याची चूक झाली..."

"दादा खोटं बोलला," मी म्हटलं. "कानस त्याने लावली होती. शेठना असंच सांगा. आणि सांगा, बाईच्या हातचा आहे. आरेच्या चढावर त्या हवेत ते दोन तास बसले होते, तेव्हा त्यांना काही झालं नाही."

हेच माझं उत्तर. दोन महिने उशिरा सुचलं, पण सुचलं.

करंदीकर उठले. मग बाटली आणि कुप्या ठेवून गेले. म्हणाले, शेठना सांगतो, जसं म्हणालात तसंच. दारात थांबून विचारलं, नाव काय सांगू? मी सांगितलं, इंदू. आडनाव बाबांचंच सांगितलं, तुझ्या फोटोखाली आहे तेच.

वहिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. एवढंच बोलली, मेलेल्या माणसाला खोटं पाडलंस. मी म्हटलं, जिवंत होता तेव्हा दोन महिने दिले होते. ती आत जाऊन गोधडीवर पडून रडली, भिकोबाच्या धोतराच्या. माझी लाडकी आहे ती, तिचं रडणं मला बघवत नाही. तरी मी शब्द मागे घेतला नाही. कारखान्यात उद्या तुझ्या फोटोपुढून जाताना एखादा हसेल, एखादा मान हलवेल. हसू दे. स्टुडिओच्या आवारात माझ्यावर हसले तेव्हा तू मधे उभा होतास.

आज सकाळी पीठ काढताना मी तुझ्या त्या दोन कुप्या पहिल्यांदा हातात घेतल्या. एक साधी होती. दुसरी उलटी केली. बुडाला, जिथे तांबं सगळ्यात जाड असतं तिथे, तीन ठिपके होते. वर एक, खाली दोन. वाकडे, एक खोल, एक निसटलेला. तुझ्याच हातचे, तुला पोगर कधी नीट धरता आला नाही.

मी चुलीपाशी तशीच बसून राहिले, दादा. काल रडले नव्हते ते आज रडले. कड सोडून बुडाला ठोकलेस, म्हणजे तुला कळलं होतं. माफी मागायला तुला ड्रॉइंगच बदलावं लागलं. तोंडाने मागता आली नाही. लाजाळूपणा आपल्या घरातलाच, माझ्या एकटीचा थोडाच आहे. मी मान वर केली असती तर तू दाखवलं असतंस का? असतंस, असं मला वाटतं. पण मला एकटीलाच दाखवलं असतंस, पिठाच्या डब्यावर. शेठपुढे नाही. आणि माझ्यावर आळ तू चार माणसांत घेतला होतास. हे ठिपके काल पाहिले असते तर मी करंदीकरांपुढे गप्प बसले असते का, हे मी स्वतःला तीनदा विचारलं. नसते बसले.

मग तुझी कानस घेतली, तीच. बुडावरचे तुझे ठिपके हलक्या हाताने घासून काढले. जाड जागी कानस लावली तर काही बिघडत नाही, एवढं दाखवायला तू समोर हवा होतास. जागा तू दिलीस ती मी घेतली. तिथे बाबांचा पोगर ठेवून माझे तीन ठोकले, सरळ, सारखे, कोणालाही दिसतील एवढे ठळक.

बर्फ आणला, गॅस घेतला, दव पुसलं, तोललं. दोन गुंजा, वर एक तांदूळ. शेपटी झाळली. रिठ्याचा फेस केला आणि कुपी त्यात धरून बसले. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती, गेली नाही. चुलीवरचा भात पुरा शिजला तोवर मी ती धरून होते.

बुडबुडा आला नाही.